घानाचा पाहुणा

हिंगणघाटजवळच्या आमच्या गावी घाना देशाचा एक पाहुणा खादीचं काम पाहायला आला. गावात इंग्रजी येणारा मास्तर मी एकटाच, म्हणून त्याला सरपंच किसनरावांकडे मीच नेलं. निवडणूक आठ दिवसांवर होती. किसनराव आडनावं पाहून मतदार यादीवर खुणा करत बसले होते.

पाहुण्याने सांगितलं, त्याच्या देशात अकान, एवे, गा, दागोम्बा असे कितीतरी समाज आहेत.

किसनरावांना त्याची कीव आली. "मंग रोजच डोके फुटत असतीन!"

"माझे वडील अकान, आई एवे आणि बायको गा," पाहुणा म्हणाला.

किसनरावांचं पेन थांबलं. बराच विचार करून ते मला म्हणाले, "मास्तर, ह्याचं पोरगं निवडणुकीले उभं राह्यलं, तं त्याले मत देईन कोन?"