काळी टोपी

टॅबवरच्या भागाकाराच्या खेळात गुंजन सगळ्या वर्गाच्या पुढं होती, पण शेवटच्या पायरीवर येऊन रोज हरायची. शेवटी कुंदा मॅडमनी तिला टॅब घेऊन जवळ बसवलं.

"बेचाळीस भागिले सहा. येते ना तुले?"

"सात," गुंजन म्हणाली आणि तिनं आठवर बोट दाबलं. टॅबनं लगेच नवं गणित दिलं.

"काहून असं करून राहिली?"

"जिंकलं का पदवीच्या काळ्या टोपीवाल्या पोरीचं चित्र येते, मॅडम. ताईले आलं होतं. तिनं टॅब घरी नेऊन दाखवला, तं बाबा म्हणे, टोपी भेटली, शिकणं झालं. त्याच रोवणीले तिले धान रोवाले बांधीत नेलं. मंग शाळेत धाडलंच नाही."

मॅडम तेव्हा समजूत घालायला तिच्या घरी गेल्या होत्या. बापानं हात जोडले होते. "तुमचंच मशीन सांगते ना, मॅडम."

टॅबवर छप्पन भागिले आठ दिसत होतं. उत्तर सातच होतं. मॅडमनी टॅब आपल्याकडं ओढला आणि नऊवर बोट दाबलं.