धुळीवरच्या सहा खुणा

तीन आठवड्यांच्या धुळीवर चाकं उमटली होती.

मास्तर कपाटासमोर गुडघे टेकून बसले आणि कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. घरी त्यांच्या एकशे चाळीस गाड्या होत्या, सगळ्या तळहातावर मावतील अशा. दर रविवारी आधी गाड्यांची आंघोळ, मग मास्तरांची. मऊ ब्रशने टप झाडायचा, कापूस गुंडाळलेल्या काडीने चाकं, चष्म्याच्या फडक्याने काचा. ते फडकं बायकोने चष्म्याला वापरलं तर दोन दिवस अबोला. समोर फरशी घासणाऱ्याचं दुकान होतं आणि त्याची पांढरी धूळ बंद कपाटातही शिरायची. धुळीचा थर बघून मास्तर वार सांगत. एकदाच चुकले, तर घरातलं कॅलेंडरच मागच्या वर्षीचं निघालं.

पण उजवा खांदा धरला आणि ब्रश उचलेना. "धूळ बसली तर बसू दे," त्यांनी घरात बजावलं, "गाड्यांना दुसऱ्याचा हात लागता कामा नये."

आणि आज खालच्या रुंद फळीवर हे.

त्यांनी गाड्या मोजल्या. एकशे चाळीस. एक आरसा तुटलेला नाही, कुठे ओरखडा नाही. मास्तर जास्तच घाबरले. चोराला काय हवं असतं ते तरी कळतं.

मग त्यांनी खुणा वाचायला घेतल्या. आयुष्यभर दुसरं केलंच काय होतं? निळी गाडी रांगेतून बाहेर काढून कोणीतरी ती पुन्हा दोन गाड्यांच्या मध्ये रिव्हर्सने घातली होती. पहिली खूण नागमोडी, हिरव्या व्हॅनला धडकलेली. व्हॅनच्या कोपऱ्यावरची धूळ तेवढी गेली होती. त्या खुणेवर नवी धूळ, शेजारी दुसरी खूण. अशा सहा. सहावी पट्टीने आखावी तशी सरळ. थर बघून मास्तरांनी वार काढले. मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार.

याच दोन वारी संध्याकाळी ते शेजाऱ्याच्या गाडीतून खांदा शेकायला जात.

आणि प्रत्येक खुणेत, अर्ध्या वाटेवर, एकाच जागी गाडी थांबून बोटभर पुढे आली होती. हे थांबणं मास्तरांचं होतं. "मागचं चाक शेजारच्या गाडीच्या दिव्याशी आलं की थांबा. एक श्वास घ्या. थोडं पुढे, मगच मागे." हे जगात दुसरं कोणी शिकवत नव्हतं. परीक्षा घेणारे साहेब तर त्यांना श्वासवाले मास्तर म्हणत.

म्हणजे ते नसताना त्यांचा कोणी विद्यार्थी घरात येत होता.

आता एकेक आठवायला लागलं. "तुम्ही जा हो, मला कामं आहेत," असं बायको त्याच दोन दिवशी म्हणायची. ते परत आल्यावर ती गुणगुणत असायची. आणि विणकामाची पिशवी मास्तर आले की झटकन कोचामागे जायची. त्यांच्या डोळ्यांपुढे विद्यार्थी एकामागून एक उभे राहिले. मिशीवाला दातांचा डॉक्टर, रिव्हर्स शिकायला चौदा दिवस लागलेला. गाणारा पोस्टमन. बँकेतला तो उंच, दर वेळी "बाई कशा आहेत" विचारणारा. काही बायकांना मास्तरांसोबत एकटं शिकायला अवघड वाटायचं, तेव्हा बायको मागच्या सीटवर विणत बसायची. तो उंच तर पुरुष असून म्हणाला होता, बाईंनाही येऊ द्या.

ते स्वयंपाकघरात गेले. बायको कांदा चिरत होती.

"मी नसताना घरात कोण येतं?"

"कोण येणार?"

"माझा विद्यार्थी येतो. खोटं बोलू नकोस, धुळीत लिहिलंय सगळं."

सुरी थांबली. बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. कांद्याने म्हणा, कशाने म्हणा, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ हसत होते.

"येतो कशाला, तो इथेच राहतो."

"म्हणजे तू ओळखतेस त्याला?"

"मी ओळखते हो. तुम्हीच ओळखलं नाहीत."

तिने हात पुसले, कोचामागून पिशवी आणली आणि लोकरीच्या गुंड्यांखालून एक कागद काढून त्यांच्या हातात दिला. शिकाऊ परवाना. त्यावर तिचा फोटो, लग्नातल्यापेक्षा घाबरलेला.

"शेजाऱ्याच्या गाडीतून किती दिवस जाणार तुम्ही? आपली गाडी दारात गंजतेय."

"अगं, पण तुला शिकवलं कोणी?"

"सव्वीस वर्षं मागच्या सीटवर बसवलंत मला," ती म्हणाली. "हात विणत होते, कान रिकामेच होते की. एकदा म्हटलं, मलाही शिकवा, तर म्हणालात, तू मागेच बरी."

मास्तरांनी खुंटीवरची गाडीची किल्ली काढून कांद्याशेजारी ठेवली.

"पहिल्या दिवशी व्हॅनला ठोकलंस," एवढंच ते म्हणाले.

खांदा जरा मोकळा झाला आणि त्या रविवारपासून गाड्यांची आंघोळ पुन्हा सुरू झाली. एकशे चाळीस गाड्या आरशासारख्या चकचकतात, फळीही. फक्त निळ्या गाडीपुढे बोटभर रुंद जागेत धूळ तशीच आहे आणि तिच्यावर एक सरळ खूण. कोणी विचारलंच, तर मास्तर खांदा चोळत सांगतात, तिथवर ब्रश पोचत नाही.