फॉर्ममधलं ‘नाही’

कपड्यांच्या कारखान्यात बायकांची छातीच्या कॅन्सरची तपासणी होती. दाबायचं नाही, हातही लावायचा नाही. गार खोलीत दहा मिनिटं बसायचं आणि मग कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. अंग जिथे जास्त गरम, तिथे पडद्यावर लाल दिसे. कॅमेरेवाल्या बाई सकाळपासून गप्पा मारमारून एकेकीची भीड मोडत होत्या.

काजं-बटणं करणारी एक तरुण पोरगी उभी राहिली आणि पडदा दोन्हीकडे लालभडक झाला. बाईंच्या काळजात धस्स झालं. तेवढ्यात खुर्चीवर काढून ठेवलेल्या तिच्या ब्लाउजवरचे दोन ओले गोल दिसले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

“अगं, हे तर दूध! आणि फॉर्मवर ‘बाळाला पाजता का?’ याच्यापुढे चक्क ‘नाही’ लिहितेस? माझ्या कॅमेऱ्यापुढे थापा चालत नाहीत हो! पाजणं सुटलं की तीन महिन्यांनी ये.”

पोरीने ब्लाउज उचलून छातीशी घट्ट धरला.



“थाप नाही मारली, बाई. बाळ जाऊन नऊ दिवस झाले. दुधाला अजून कळलेलं नाही.”