एकच रकाना

तक्त्यात चाळीस नोंदी होत्या, आणि प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीपेक्षा थोडी मोठी होती. एकही मागे सरली नव्हती. प्रयोगातले आकडे इतक्या शहाण्यासारखे वागत नाहीत, हे मॅडमना तीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

त्यांच्या विद्यार्थिनीच्या वहीत तेच आकडे होते, पण वेगळ्याच नमुन्यांसमोर. चौकशी समितीने निष्कर्ष काढला: तक्ता बनावट, संशोधन रद्द करावं. मार्गदर्शक म्हणून मॅडमची सही तेवढी राहिली होती. तीन आठवडे त्या ती टाळत होत्या.

"मी लिहिलं त्यानंतर तक्त्याला हात लावला नाही," मुलगी काल म्हणाली होती. "तुम्हाला तरी पटतंय ना, मॅडम?"

मॅडमनी नजर पुन्हा तक्त्याकडे वळवली. मुलीने प्रयोगशाळेची किल्ली टेबलावर ठेवली आणि ती निघून गेली. चार वर्षं सगळ्यांच्या आधी येऊन तीच दार उघडायची.

आज मॅडमनी संगणक विभागातल्या तरुणाला बोलावून घेतलं. दोन महिन्यांपूर्वी प्राध्यापकांसाठी ऑनलाइन तक्त्यांची कार्यशाळा त्यानेच घेतली होती.

"काय मॅडम, बाकीचे सर अजून पासवर्डच शोधताहेत," तो हसला. "तुम्ही मात्र घरी सराव केलात म्हणे!"

"केला थोडा. मला सांग, तक्त्यात कुणी काय बदललं ते कळतं का?"

"कळतं की. नाव, तारीख, वेळ, सगळं."

"मग तिच्या तक्त्याचं दाखव. माझ्याकडे नुसती प्रत आहे."

"प्रत कसली! तक्ता एकच आहे. तुम्ही दोघी तोच उघडता."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

त्याने बदलांची यादी उघडली. मुलीने नोंदी भरल्यानंतर फक्त एक बदल झाला होता. मोजमापांचा एकच रकाना चढत्या क्रमाने लावलेला. शेजारचे नमुना क्रमांक जागच्या जागी. तारीख कार्यशाळेच्या दिवसाची, वेळ संध्याकाळची. त्यापुढचं नाव वाचून त्याने मॅडमकडे पाहिलं.

तेवढ्यात विभागप्रमुख दारात आले.

"मुलगी सकाळीच कॉलेज सोडल्याचा दाखला घेऊन गेली, मॅडम. आता कशाला जीव अडकवून ठेवताय? करून टाका सही."

मॅडम उभ्या राहिल्या.

"सही मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "तिचे आकडे खरे होते, सर. ते मी हलवलेत."