थोडा मोतीबिंदू

"डॉक्टर, थोडासा मोतीबिंदू परत बसवता येईल का?" ऑपरेशननंतरच्या तपासणीत द्वारकाबाईंनी विचारलं.

डॉक्टर सोमण दचकल्या नाहीत. "का? नीट दिसत नाहीये?"

"दिसतंय ना, कोळिष्टकंसुद्धा दिसतायत. पण दाराशी खुंटीवर ह्यांचा कोट आहे, वर टोपी. हे गेल्यापासून मला तिथे हेच उभे दिसायचे. चार शब्द बोलणं व्हायचं. आता नुसता कोट दिसतो, तोही कसर लागलेला."

"आजी, तुमच्या नव्या भिंगात ती सोय आहे." डॉक्टरांनी बाईंच्याच फोनवर 'धूसर' नावाची पट्टी दाखवली. "हवी तेवढी सरकवायची. बरेच पेशंट लग्नकार्यात वापरतात. नातेवाईक सुसह्य होतात म्हणे."

घरी येऊन बाईंनी चहा ठेवला आणि दाराकडे बघत पट्टी हळूहळू सरकवली. कोटाच्या कडा विरघळल्या, खांदे भरले, टोपीखाली चेहऱ्याएवढी सावली जमली.

"अहो, चहा घेणार ना?"

कोटाने उत्तर दिलं नाही. हयात असताना त्यांनीही या प्रश्नाला कधी दिलं नव्हतं. बाईंनी समाधानाने दोन कप मांडले.