बोलता येतंय ना?

त्या दुपारपर्यंत सगळं नेहमीचंच होतं. शेंगा सोलता सोलता आईने लेकीच्या स्वयंपाकाला नावं ठेवली आणि मग तिला धाप लागली.

इमर्जन्सीच्या खिडकीतल्या नर्सने कॉम्प्युटरवरची नजर न काढता विचारलं, "आजी, बोलता येतंय ना?"

"बोलणं बंद झालं तर ही लेक सुटेल बिचारी," आई धापा टाकत म्हणाली.

"मग थांबा." नर्सने आईच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली. हिरवी म्हणजे घाई नाही.

खिडकीलगतच्या खुर्चीत आई थांबली ती कायमची. तिचे निळे पडलेले ओठ खिडकीतल्या कुणीही पाहिले नाहीत. उगाच तमाशा नको, म्हणून लेकही गप्प बसली.

काही महिन्यांनी पाय मुरगळलेल्या शेजारणीला घेऊन लेक तिथेच आली. ती खुर्ची रिकामी होती, पण तिच्यातून धाप ऐकू येत होती. बाजूच्या माणसाने अंग चोरलं.

"आजी, बोलता येतंय ना?" खिडकीतून तोच आवाज आला.

खुर्चीत काहीतरी पुटपुटलं.

"मग थांबा." हिरवी पट्टी घेऊन हात खिडकीबाहेर आला आणि रिकामा आत गेला.

लेक ताडकन उठली. "अहो, मान वर करा! आधी माझ्या आईकडे बघा!"