साधी गाठ

"बरोबर कोण आलंय, अक्का?" रिपोर्टचं पाकीट उघडता उघडता डॉक्टर भीमाचार्यांनी विचारलं.

"कोणी नाही. काय असेल ते मलाच सांगा," सुलभाताई म्हणाल्या.

डॉक्टर मूळचे बेळगावचे. मराठी पेशंट आला की एरवी खुलून बोलायचे. आज मात्र त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

सव्वा वर्षापूर्वी सुलभाताईंचा खालचा ओठ उजवीकडून बधिर झाला होता. भाताचं शीत ओठाला चिकटलं तरी कळत नसे. जबडा आतून ठणकायचा. मल्लेश्वरममधल्या एका डेंटिस्टने दाढ काढली, दुसऱ्याने तिच्या शेजारची काढली. ठणका होता तिथेच होता. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मारतहळ्ळीहून मुलगा आला, ईशान. त्याने सगळे कागद चाळले आणि हळूच म्हणाला, "आई, बाबा गेल्यापासून तू एकटी असतेस. कधीकधी हे मनाचं असतं गं. आमच्याकडे राहायला चल."

सुलभाताईंना ते फार लागलं. "मला मुळीच एकटं वाटत नाही," त्या ताडकन म्हणाल्या. "दुखतंय ते दुखतंय."

त्या दिवसापासून त्यांनी ईशानला शंकेला जागा म्हणून ठेवली नाही. फोनवर आवाज खणखणीत. भजनाला जाणं कधीच सुटलं होतं, तरी दर रविवारी त्याला भजनाच्या गमती सांगायच्या. त्याच्याकडे राहायला गेलं तर त्याचंच खरं ठरेल, म्हणून गेल्या नाहीत. फोन ठेवला की स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच जेवून घ्यायच्या. मग कोणीतरी या दंत महाविद्यालयाचं नाव सुचवलं आणि त्या एकट्याच ऑटो करून आल्या. भीमाचार्यांनी मोठा स्कॅन काढला. जबड्याच्या हाडातून नस जाते तो बोगदा एका जागी फुगलेला दिसला. तिथला तुकडा तपासायला गेला. पहिल्या तपासणीत नक्की ठरेना, म्हणून आणखी एक खास तपासणी झाली. तीन आठवडे गेले.

"गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. "नसेच्या आवरणातून वाढलेली. जबड्याच्या हाडात फार क्वचित सापडते, मी आजवर एकच पाहिली होती. पण घाबरू नका अक्का, साधी गाठ आहे. कॅन्सर नाही."

"म्हणजे खरंच काहीतरी आहे?"

"आहे तर!"

सुलभाताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गाठ सांगितल्यावर इतक्या आनंदाने रडणारा पेशंट डॉक्टरांनी पाहिला नव्हता. बाहेर येऊन सुलभाताईंनी ईशानला फोन लावला. "गाठ निघाली, ईशान. मनाचं नव्हतं!"

तो मीटिंग सोडून धावत आला. तिथल्या बाकावर आईचा हात धरून म्हणाला, "चुकलं माझं. मी पुन्हा कधी तसं म्हणणार नाही."

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ निघाली, नस वाचली. ईशान आणि त्याची बायको श्वेता आठ दिवस येऊन राहिले. घरात रोज दोन्ही वेळा पानं मांडली गेली. मग त्यांची रजा संपली. निघताना ईशान काही बोलायला गेला, पण शब्द दिलेला आठवून "काळजी घे," एवढंच म्हणाला.

पाच महिन्यांनी एका सकाळी तोंड धुताना सुलभाताईंच्या ओठाला पाणी गार लागलं. त्यांनी पुन्हा ओंजळ भरली. पुन्हा गार लागलं. "अगंबाई!" म्हणत त्या हसत मागे वळल्या.

मागे कोणी नव्हतं.

त्या तशाच खाटेवर बसल्या. तोंडावरचं पाणी गळ्यापर्यंत ओघळलं. आता जबडा ठणकत नव्हता, ओठ जागा झाला होता, दवाखान्याची फाइल बंद झाली होती. दुखायला काहीच उरलं नव्हतं, तरी आत काहीतरी दुखतच होतं. आणि ते आजचं नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी फोन लावला. ईशान ऑफिसच्या वाटेवर होता.

"काय झालं आई? परत बधिर झालं का?"

"नाही रे. ओठ अगदी बरा आहे," सुलभाताई म्हणाल्या. "मला एकटं वाटतं."